मायसाइट वन डे: मुलीच्या वाढत्या नंबरासाठी साडेतीन वर्षे वापरलेल्या लेन्सचा लेखाजोखा

माझा स्वतःचा नंबर उणे साडेसात आहे. दहाव्या वर्षी पहिला चष्मा लागला, पुढे बारावीपर्यंत दर जूनमध्ये नव्या वह्यापुस्तकांबरोबर चष्म्याच्या नव्या काचाही येत राहिल्या, आणि २०१६ साली दृष्टिपटलाला पडलेले एक बारीक छिद्र पुण्यात लेसरने बंद करून घ्यावे लागले. त्यामुळे आमच्या मुलीला आठव्या वर्षी चष्मा लागला याचे मला आश्चर्य वाटले नाही. पण एका वर्षात तिचा उजवा डोळा उणे एकवरून उणे पावणेदोनवर आणि डावा उणे सव्वावरून उणे सव्वादोनवर गेला, तेव्हा काचा बदलून घ्यायच्या आणि पुढच्या वर्षाची वाट बघायची, हा माझ्या लहानपणचा शिरस्ता पुन्हा गिरवायला मन तयार होईना. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. मुलांचा नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या लेन्स इथल्या चष्म्याच्या दुकानांत काही वर्षांपासून मिळतात, आणि मार्च २०२२ मध्ये, मुलगी नऊ वर्षांची असताना, आम्ही कूपरव्हिजन कंपनीच्या ‘मायसाइट वन डे’ या डोळ्यात घालायच्या कॉन्टॅक्ट लेन्स सुरू केल्या. आता ती बारा वर्षांची आहे. पुण्या-मुंबईतल्या आणि इथल्या ओळखीच्या आईवडिलांकडून याविषयी वरचेवर विचारणा होते, म्हणून सगळे एकदा सविस्तर लिहीत आहे.

शाळेच्या विज्ञानाच्या वहीत आपण सर्वांनी निकटदृष्टितेची आकृती काढलेली असते: डोळा लांबट झालेला, दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडलेली, आणि शेजारच्या आकृतीत अंतर्गोल भिंग लावल्यावर ती जागेवर आलेली. आकृती बरोबरच आहे, पण तिच्यात दोन गोष्टी येत नाहीत. मुलाचा डोळा वाढत्या वयात लांब होतच असतो, आणि ती लांबी गरजेपेक्षा एक मिलिमीटर वाढली की नंबर अडीच ते तीनने वाढतो, हे तिथे लिहिलेले नसते. दुसरे असे की साध्या काचेने समोरची प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी बसली, तरी डोळ्याच्या आतल्या कडेच्या भागात पडणारी प्रतिमा पुष्कळदा दृष्टिपटलाच्या मागे राहते. आणि कोंबडीच्या पिलांवर व माकडांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले आहे की मागे पडणारी प्रतिमा डोळ्याला आणखी लांब होण्याचा इशारा देते. मायसाइटची रचना या इशाऱ्याच्या उलट दिशेने केलेली आहे. लेन्सच्या मधल्या गोलात मुलीचा नेहमीचा नंबर असतो, त्याभोवती अधिक दोनची जादा पॉवर असलेले कडे, मग पुन्हा नेहमीच्या नंबराचे कडे आणि त्याबाहेर पुन्हा जादा पॉवरचे कडे. नेहमीच्या नंबराच्या भागातून फळा स्वच्छ दिसतो. जादा पॉवरच्या कड्यांतून आलेला प्रकाश दृष्टिपटलाच्या अलीकडे एकवटतो आणि डोळ्याला ‘आता वाढू नकोस’ असे सुचवत राहतो. लेन्स बोटावर घेऊन कितीही निरखली तरी ही कडी दिसत नाहीत. ती इतर कुठल्याही मऊ लेन्ससारखीच दिसते.

ही कल्पना प्रथम पारखली गेली ती न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला. ॲन्स्टिस आणि फिलिप्स या दोघांनी ११ ते १४ वयाच्या ४० मुलांच्या एका डोळ्यात दुहेरी पॉवरची आणि दुसऱ्यात साधी लेन्स घातली, आणि दहा महिन्यांनी डोळ्यांची अदलाबदल केली. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात एकाच मुलाचे दोन डोळे एकमेकांशी ताडून पाहिले आहेत: आईवडील तेच, अभ्यास तेवढाच, मैदानावरचा वेळही तेवढाच. पहिल्या टप्प्यात दुहेरी पॉवरच्या डोळ्याचा नंबर सरासरी ०.४४ ने वाढला, साध्या लेन्सच्या डोळ्याचा ०.६९ ने. पुढे मायसाइटची तीन वर्षांची चाचणी पोर्तुगाल, ब्रिटन, कॅनडा आणि सिंगापूर इथल्या ८ ते १२ वयाच्या १४४ मुलांवर झाली, आणि तिचे ब्रिटनमधले केंद्र आमच्याच शहरातले ॲस्टन विद्यापीठ होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत मायसाइट घालणाऱ्या मुलांचा नंबर सरासरी ०.५१ ने वाढला आणि साधी लेन्स घालणाऱ्यांचा १.२४ ने, डोळ्याची लांबी अनुक्रमे ०.३० आणि ०.६२ मिलिमीटरने वाढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे आणि वैद्यकीय साधने तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली, आणि नंबर वाढण्याचा वेग कमी करण्यासाठी तिथे मान्यता मिळालेली ही पहिली कॉन्टॅक्ट लेन्स ठरली.

दुकानातल्या पत्रकावर हेच ‘नंबराची वाढ ५९ टक्के कमी’ असे छापलेले असते. आकडा खरा आहे, परंतु त्याचा व्यवहारातला अर्थ तीन वर्षांत सरासरी पाऊण नंबर वाचला इतकाच आहे, आणि तोही सरासरीने. प्रत्येक मुलाला ५९ टक्के मिळतात असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय चाचणीचा खर्च कंपनीचा होता आणि निबंधाचे प्रमुख लेखकही कंपनीतलेच होते. म्हणून अमेरिकेत सरकारी अनुदानावर झालेला, २९४ मुलांचा दुसरा एक अभ्यास मला अधिक दिलासा देणारा वाटला. त्यात मायसाइट नव्हती, वेगळी बहुपॉवरची लेन्स होती, पण तत्त्व तेच होते: तीन वर्षांत साध्या लेन्सच्या मुलांचा नंबर १.०५ ने वाढला, तर अधिक अडीचची जादा पॉवर असलेल्या लेन्सच्या मुलांचा ०.६० ने. फायदा थोडा कमी दिसतो, पण दिशा एकच आहे. आता पाऊण नंबरासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी एक उत्तर आहे. बुलिमोर आणि ब्रेनन या संशोधकांनी २०१९ साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून असा हिशेब मांडला की एका नंबराची वाढ रोखली, तर उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाला होणाऱ्या विकाराची शक्यता ४० टक्क्यांनी घटते. लेसरच्या खुर्चीत बसून आलेल्या माणसाला हा आकडा वेगळा दिसतो.

लेन्स घालायला शिकण्याचा पहिला दिवस मात्र आकड्यांशी काही संबंध नसलेला होता. दुकानातल्या छोट्या आरशासमोर आमची मुलगी पन्नास मिनिटे बसली. लेन्स सुलटी असली की तर्जनीच्या टोकावर वाटीसारखी उभी राहते आणि उलटी असली की तिची कड परातीसारखी बाहेर पसरते, हे तिला पहिल्या दोन मिनिटांत कळले. पण पापणी वर धरायची, बोट जवळ आणायचे आणि तरीही डोळा मिटायचा नाही, हे तिच्या हातापेक्षा तिच्या मनाला जड जात होते. एकदा लेन्स पापणीच्या केसांवर अडकली, एकदा गालावर उतरली, आणि एकदा चक्क दिसेनाशी झाली, ती नंतर स्वेटरच्या बाहीवर सापडली. तपासणाऱ्या बाईंनी घाई केली नाही आणि मला हात लावू दिला नाही, हे दोन्ही त्यांनी उत्तम केले. पहिला आठवडा रोज सकाळी पंचवीस मिनिटे जात होती आणि शाळेला उशीर होत होता. महिनाभरात ते काम दोन मिनिटांवर आले. सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर हे सगळे बघत होत्या. ‘अगं, एवढ्याशा पोरीच्या डोळ्यात हे काय घालतेस?’ असे त्यांनी आधी विचारले, आणि नंतर नातीने एका झटक्यात लेन्स घालून दाखवली तेव्हा ‘माझ्या सुईत दोरा ओवून द्यायला ये आता,’ म्हणाल्या.

दिसण्याच्या बाबतीत ही लेन्स साध्या लेन्सइतकी टोकदार नाही, आणि ते आधी सांगितले गेले पाहिजे. पहिले आठ-दहा दिवस मुलगी अक्षरांना सावली आहे असे सांगत होती, आणि संध्याकाळी गाडीत बसल्यावर समोरच्या दिव्यांभोवती तिला वलये दिसत होती. अक्षरांची सावली तिच्या लक्षातून गेली. दिव्यांची वलये अजूनही आहेत, फक्त ती आता त्याबद्दल बोलत नाही. वर्गात, मैदानावर आणि वाचनात तिला अडचण येत नाही. ज्या मुलांच्या नंबरात सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईमुळे येणारा नंबर, जास्त आहे त्यांना मात्र ही लेन्स चालणार नाही. अमेरिकेतली मान्यताही ०.७५ किंवा त्याहून कमी सिलिंडर असलेल्यांपुरतीच आहे. लेन्सचे द्रव्य ओमाफिल्कॉन ए नावाचे हायड्रोजेल आहे, मऊ आणि पाणीदार. पण अलीकडच्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समधून डोळ्याला जितका प्राणवायू मिळतो तितका यातून मिळत नाही, आणि एवढ्या महाग वस्तूत कंपनीने जुनेच द्रव्य का ठेवावे, हा माझा एक आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप लेन्सविषयी नाही, तर ती आम्हाला जिथे मिळाली त्या पहिल्या दुकानाविषयी आहे. तिथे मुलीचा नंबर तपासला, लेन्स बसवली, दरमहा बँकेतून पैसे वळते करण्याच्या अर्जावर सही घेतली आणि सहा महिन्यांनी यायला सांगितले. डोळ्याची लांबी किती आहे, हा प्रश्न मी स्वतः विचारला तेव्हा ते यंत्र आमच्याकडे नाही, नंबरावरून कळतेच, असे उत्तर मिळाले. नंबरावरून पुरेसे कळत नाही. मुलाने तपासणीच्या वेळी डोळ्यावर ताण दिला तर नंबर पाव-अर्ध्याने इकडेतिकडे होतो, आणि आपण ज्या फायद्यासाठी पैसे मोजतो तो फायदाच वर्षाला पाव नंबराच्या घरात असतो. म्हणजे सोन्याचे वजन भाजीच्या तराजूवर करण्यासारखेच झाले. लांबी मोजणारे यंत्र डोळ्याला स्पर्शही करत नाही, काही सेकंदांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा देते, आणि मुलाला फक्त एका दिव्याकडे बघायचे असते. चार महिन्यांनी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला असे यंत्र असलेले दुकान शोधून तिकडे गेलो, परंतु सुरुवातीच्या दिवसाचा आकडा कायमचा हातचा गेला. ही चूक दुकानाची तितकीच माझीही होती, कारण सही करण्याआधी विचारायचा प्रश्न मी सहीनंतर विचारला.

आमच्याकडचे आकडे असे आहेत. जुलै २०२२ मध्ये उजव्या डोळ्याची लांबी २४.०६ आणि डाव्याची २४.२१ मिलिमीटर होती. जुलै २०२५ मध्ये ती २४.३७ आणि २४.५५ झाली. तीन वर्षांत ०.३१ आणि ०.३४, म्हणजे चाचणीतल्या मायसाइटच्या मुलांच्या सरासरीच्या आसपास. नंबर आता उजवा उणे सव्वादोन आणि डावा उणे पावणेतीन आहे. लेन्सआधीच्या एका वर्षात जेवढी वाढ झाली होती तेवढी नंतरच्या साडेतीन वर्षांत झालेली नाही, हे पाहून घरात आनंद झाला, आणि तो मी नाकारणार नाही. पण हा आनंद पुरता हिशेबाचा नाही. आठव्या-नवव्या वर्षी नंबर झपाट्याने वाढतो आणि वयाबरोबर तो वेग आपोआपही मंदावतो; लेन्स नसती तर माझ्या मुलीचे काय झाले असते, हे सांगायला तिचा दुसरा डोळा ऑकलंडच्या मुलांसारखा मोकळा ठेवलेला नव्हता. या लेन्सचे पैसे देताना आपण न झालेल्या वाढीचे पैसे देत असतो, आणि न झालेली वाढ कुठल्याच यंत्रावर दिसत नाही. दुकानदाराने ‘बघा, तुमच्या मुलीला किती गुण आला’ असे म्हटले तर मान डोलवावी, पण वहीत फक्त लांबीचा आकडा लिहावा.

ही लेन्स आठवड्यातून किमान सहा दिवस, दिवसाला किमान दहा तास घालायची असते. शाळेच्या दिवशी हे सहज साधते. सुट्टीत मात्र मुलगी अकरा वाजता उठते आणि जुना चष्मा लावून सोफ्यावर पडते, तेव्हा तास कमी भरतात. लेन्स रात्री काढून फेकायची असते, त्यामुळे डबी नाही, धुण्याचे द्रावण नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत हीच तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. कॉन्टॅक्ट लेन्समुळे होणारा खरा धोका म्हणजे पारपटलाला जंतुसंसर्ग, आणि तो बहुतांशी अस्वच्छ हात, नळाचे पाणी आणि लेन्स घालून झोपणे यांतून येतो. म्हणून पोहायला जाताना लेन्स नाही, अंघोळीआधी लेन्स नाही, डोळा लाल किंवा दुखरा असेल त्या दिवशी लेन्स नाही, आणि रंगपंचमीला तर नाहीच, हे नियम आम्ही पाळतो. साडेतीन वर्षांत संसर्ग एकदाही झाला नाही. एक प्रसंग घडला तो माझ्यामुळे: खलबत्त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा कुटून मी हात साबणाने दोनदा धुतले होते, आणि मुलगी पेंगुळलेली होती म्हणून तिची लेन्स मी काढायला गेले. ती किंचाळली, लेन्स माझ्या बोटाला चिकटून बाहेर आली आणि पुढची वीस मिनिटे आम्ही तिचा डोळा धूत बसलो. तेव्हापासून तिच्या लेन्सला घरात दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. टाकलेल्या लेन्सचे काय करायचे हेही सांगितले पाहिजे, कारण न्हाणीघरात फरशीवर पडलेली लेन्स रात्रभरात वाळून माशाच्या खवल्यासारखी कडक होते आणि अनवाणी पायाला टोचते. वॉशबेसिनमध्येही टाकू नये, कचऱ्याच्या डब्यातच टाकावी.

खर्चाचे सरळ सांगते. आम्हाला महिन्याला ५२ पौंड पडतात, त्यात दोन्ही डोळ्यांच्या लेन्स आणि सहामाही तपासणी येते. बेचाळीस महिन्यांचे २,१८४ पौंड झाले. इंग्लंडात सोळा वर्षांखालच्या मुलांची डोळेतपासणी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडून मोफत होते आणि चष्म्यासाठी व्हाउचरही मिळते, पण आम्हाला या लेन्सवर त्यातला एक पैसाही मिळालेला नाही. म्हणजे आमच्या बाबतीत नंबर वाढला की नव्या काचेला सरकारची मदत, आणि तो वाढू नये म्हणून जे करायचे ते पदरमोड करून. ज्यांच्या घरी दोन मुलांना चष्मे आहेत त्यांना हा खर्च झेपणे अवघड आहे, आणि तो झेपला नाही म्हणून कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

कारण आता याला पर्याय आहेत. हॉयाच्या ‘मायोस्मार्ट’ आणि एसिलॉरच्या ‘स्टेलेस्ट’ या चष्म्याच्या काचा हेच काम करतात आणि भारतातही मिळतात. मायोस्मार्टच्या हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत नंबराची वाढ ५२ टक्क्यांनी आणि लांबीची ६२ टक्क्यांनी कमी झाली होती, म्हणजे ती लेन्सच्या मागे नाही. पुण्यातल्या माझ्या भाच्याला हीच काच आहे, आणि त्याच्या आईला सकाळी आरशासमोर उभे राहावे लागत नाही. मूल चष्म्याला कंटाळलेले नसेल, हात धुण्याच्या बाबतीत आळशी असेल किंवा घरात धुळीची ॲलर्जी असेल, तर मी लेन्सचे नाव काढणार नाही, सरळ ही काच घ्या म्हणेन. आमची मुलगी बॅडमिंटन खेळते आणि घामाने चष्मा नाकावरून घसरतो, एवढ्या साध्या कारणाने तराजू लेन्सकडे झुकला. भारतातले डॉक्टर ०.०१ टक्के ॲट्रोपिनचे थेंबही देतात. तो औषधाचा मार्ग आहे आणि त्याचा निर्णय नेत्रतज्ज्ञाकडेच असावा. रात्री घालून झोपायच्या कडक लेन्सचा पर्याय आम्हाला सुचवला गेला होता, पण लेन्स घालून झोपणे ही कल्पनाच मला पेलली नाही.

मैदानावरचा वेळ मात्र कुठल्याही पर्यायाबरोबर हवाच. चीनमधल्या ग्वांगझू इथे शाळांनी रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला, तेव्हा तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने नंबर लागला, तर असा तास नसलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. हा उपाय नंबर लागण्याआधीचा आहे, लागलेल्या नंबरावर त्याचा परिणाम तितका दिसत नाही. म्हणून मोठीवर जे चुकले ते आम्ही धाकट्यावर भरून काढत आहोत. तो सहा वर्षांचा आहे. डिसेंबरात बर्मिंगहॅमला चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून त्याला शाळेतून परस्पर बागेत नेते आणि अंधार पडेपर्यंत तिथेच ठेवते.

लेन्स कधी थांबवायच्या, हा प्रश्न उरतो. कंपनीच्या पुढच्या वर्षांच्या पाहणीत लेन्स बंद केल्यावर नंबर एकदम उसळल्याचे दिसले नाही, आणि ते दिलासा देणारे आहे. आताच्या दुकानातल्या बाईंनी सोळाव्या वर्षापर्यंतचा अंदाज दिला आहे. आम्ही असे ठरवले आहे की सलग दोन तपासण्यांत लांबी जवळपास जागेवर राहिली तर त्याआधीही विचार करायचा. पुढची तपासणी जानेवारीत आहे. त्या दिवशी आदल्या रात्रीपासून लेन्स घालायची नसते आणि जुना चष्मा बरोबर न्यायचा असतो. गेल्या वेळी आम्ही तोच घरी विसरलो होतो.